डबाबंद टूना: आठवड्याला किती डबे चालतील?

१८५ ग्रॅमचा टूनाचा डबा आता पुण्या-मुंबईत किराण्याच्या ॲपवरही मिळतो आणि जिमला जाणाऱ्यांनी तो डोक्यावर घेतला आहे. त्याला कारणही आहे. पाणी निथळलेल्या शंभर ग्रॅममध्ये २३ ते २५ ग्रॅम प्रथिनं मिळतात, साफ करायची कटकट नाही, काटे नाहीत, डबा उघडला की जेवण तयार. खाण्याची वस्तू म्हणून डबाबंद टूनाला आमची पसंती आहे. पाऱ्याचं काय, हा त्यावरचा खरा प्रश्न, आणि त्याचं आमचं उत्तर असं: साठ किलो वजनाच्या माणसाने स्किपजॅक जातीचे दोन डबे आठवड्याला निर्धास्त खावेत, तिसरा काठावरचा आहे, आणि रोज एक डबा ही सवय सोडावी. डब्यावर माशाची जातच लिहिलेली नसेल तर आठवड्याला एकच.

हे आकडे कसे निघतात ते प्रत्येकाला घरी करून बघता येतं. पाऱ्याचं प्रमाण पीपीएममध्ये देतात, म्हणजे माशाच्या एका ग्रॅमात किती मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) बाजारातले मासे तपासून ज्या सरासऱ्या जाहीर केल्या आहेत त्यांत डबाबंद ‘लाइट’ टूना, जो बहुतांशी स्किपजॅक असतो, ०.१२६ पीपीएम आहे. डबाबंद अल्बाकोर ०.३५०, ताजा यलोफिन ०.३५४ आणि बिगआय ०.६८९. आता १८५ ग्रॅमच्या डब्यातलं पाणी किंवा तेल काढलं की मासा साधारण १२० ग्रॅम उरतो. १२० गुणिले ०.१२६ म्हणजे एका स्किपजॅकच्या डब्यात सुमारे १५ मायक्रोग्रॅम पारा. तोच डबा अल्बाकोरचा असेल तर ४२.

शरीराला किती चालतो, यावर तीन मोठ्या संस्थांचे तीन आकडे आहेत. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सर्वांत कडक: शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.१ मायक्रोग्रॅम, म्हणजे आठवड्याला ०.७. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१२ साली आठवड्याला १.३ हा आकडा ठरवला. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना (एफएओ) यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीचा २००३ चा आकडा १.६ आहे. साठ किलोच्या माणसासाठी हे आठवड्याला ४२, ७८ आणि ९६ मायक्रोग्रॅम होतात. स्किपजॅकचे दोन डबे म्हणजे ३०, तिन्ही मर्यादांच्या आत. तीन डबे म्हणजे ४५, अमेरिकन मर्यादेच्या किंचित वर. रोज एक म्हणजे १०५, आणि इथे तिन्ही मर्यादा ओलांडल्या जातात. अल्बाकोरच्या एकाच डब्यात अमेरिकन मर्यादेचा आख्खा आठवडा संपतो. स्वतःचं वजन घालून हिशोब करा. ऐंशी किलोच्या माणसाला तिसरा डबा सहज बसतो, पंचेचाळीस किलोच्या बाईला दोनच.

या तीन आकड्यांत दुपटीहून जास्त फरक का, हे कळलं तर घाबरायचं किती हेही कळतं. यामागे मुख्यतः दोन अभ्यास आहेत. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गरोदरपणी पायलट व्हेलचं मांस खाणाऱ्या आयांच्या मुलांमध्ये भाषा, लक्ष आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत घट दिसली. हिंदी महासागरातल्या सेशेल्समध्ये मात्र आया आठवड्याला सरासरी बारा वेळा समुद्रातला मासा खात होत्या आणि मुलांमध्ये तसा स्पष्ट तोटा आढळला नाही. अमेरिकेने फॅरोच्या निष्कर्षांवर भर दिला आणि त्यावर दहापटीचं सुरक्षा-अंतर ठेवलं. संयुक्त समितीने दोन्ही अभ्यास धरले. म्हणून एखाद्या आठवड्यात ४२ चे ५० झाले तर विषबाधा होत नाही. वर्षभर दर आठवड्याला १०५ हा वेगळा मामला आहे.

आता डबा हातात घेऊ. पुढचं चित्र सोडून द्या, मागची बारीक अक्षरं वाचा. घटकांत कॅट्सुवोनस पेलॅमिस असं शास्त्रीय नाव असेल तर तो स्किपजॅक. हा मासा लवकर वाढतो, थोडी वर्षं जगतो, आणि कॅनिंगला येतो तेव्हा बहुधा दोन-चार किलोचाच असतो. पारा साचायला त्याला वेळच मिळत नाही. थन्नस अल्बाकारेस म्हणजे यलोफिन आणि थन्नस अलालुंगा म्हणजे अल्बाकोर. या दोन नावांत हमखास गल्लत होते, अल्बाकारेस वाचून लोक अल्बाकोर समजतात. पाऱ्याच्या बाबतीत दोघे एकाच रांगेतले, त्यामुळे गल्लत झाली तरी हिशोब चुकत नाही. थन्नस ओबेसस म्हणजे बिगआय. हा खोल पाण्यात चरतो, मोठा होतो आणि बरीच वर्षं जगतो. नियमित खाण्यासाठी तो घेऊच नये.

नाव नसेल तर डबा उघडल्यावर मांसावरून अंदाज येतो. स्किपजॅकचं मांस गुलाबीसर तपकिरी, लहान पापुद्र्यांचं, चव जरा उग्र. अल्बाकोर पांढुरका, घट्ट, मोठ्या तुकड्यांचा, बराचसा चिकनसारखा. दिसायला देखणा आणि किमतीला चढा डबा अल्बाकोरचा असतो, आणि पारा त्यातच जवळपास तिप्पट. स्वस्त डबा घेणाऱ्याचा इथे आरोग्याच्या दृष्टीनेही फायदा आहे.

अमेरिकेत, न्यू जर्सी किंवा बे एरियात राहणाऱ्यांसाठी काम सोपं आहे. तिथे ‘व्हाइट’ असं लिहायला परवानगी फक्त अल्बाकोरला आहे. ‘लाइट’मध्ये बहुधा स्किपजॅक, पण यलोफिनची भेसळ नियमात बसते, म्हणून ‘स्किपजॅक’ असं स्पष्ट लिहिलेला डबा घ्यावा. सेफ कॅच ही तिथली कंपनी प्रत्येक मासा तपासत असल्याचं सांगते आणि त्यांच्या ‘एलीट’ डब्यासाठी ०.१ पीपीएमची कमाल मर्यादा ठेवते. ज्यांना आठवड्यात तीन डबे खायचेच आहेत त्यांनी त्याचे जास्तीचे पैसे मोजायला हरकत नाही.

‘आमचा माल सरकारी मर्यादेच्या आत आहे’ हे वाक्य कंपन्यांच्या उत्तरांत नेहमी येतं. ते खरंही असतं. पण ती मर्यादा काय आहे ते बघा. युरोपात टूनासाठी १ पीपीएम, अमेरिकेत मेथिलमर्क्युरीसाठी (माशात पारा मुख्यतः याच रूपात असतो) १ पीपीएम, कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये टूनासाठी ठरवलेली १.२. म्हणजे १ पीपीएमचा मासा कायदेशीर आहे, आणि त्याच्या १२० ग्रॅममध्ये १२० मायक्रोग्रॅम पारा असेल. साठ किलोच्या माणसाच्या तिन्ही मर्यादा एका डब्यात पार. कायदा मासा विकता येईल की नाही ते सांगतो. आठवड्यात किती वेळा खायचा याचा विचार त्या आकड्यात नाही, तो खाणाऱ्यानेच करायचा असतो.

शिवाय ०.१२६ ही सरासरी आहे. एफडीएच्याच आकडेवारीत लाइट टूनाचा मध्यांक ०.०७७ आहे, म्हणजे निम्मे डबे त्याहूनही कमी. पण सर्वांत वरचा नमुना ०.८८९ होता. बरेच डबे अगदी साधे आणि मधूनच एखादा जड, अशी ही वाटणी आहे. त्यावर उपाय एकच: ऑफर लागली म्हणून एकाच बॅचचे चोवीस डबे भरून ठेवू नका. तळावर छापलेला बॅच क्रमांक बघा आणि चार-सहा डबे वेगवेगळ्या बॅचचे घ्या. जड बॅच आलीच तर तिच्यावर दोन महिने काढावे लागत नाहीत.

पारा काढून टाकण्याचे जे घरगुती उपाय सांगितले जातात त्यांतला एकही चालत नाही, आणि का चालत नाही ते समजण्यासारखं आहे. माशातला पारा मुख्यतः मेथिलमर्क्युरीच्या रूपात असतो आणि तो स्नायूंमधल्या प्रथिनांतल्या सिस्टीन या घटकाला घट्ट चिकटलेला असतो. चरबीत नसतो. म्हणून कातडी काढून, तेल गाळून, पाण्याने धुऊन तो जात नाही. धुतल्याने मीठ कमी होतं, तेवढंच. तळून, उकडून, कोकम-लिंबू लावून, हळद चोळून काही होत नाही. उलट शिजवताना माशातलं पाणी उडतं आणि दर ग्रॅममागचा पारा थोडा वाढतो. ताज्या कुप्याचं, म्हणजे ताज्या टूनाचं, काळं मांस काढून टाकतात ते चवीसाठी योग्यच आहे, पण उरलेल्या मांसात पारा असतोच. टूनात सेलेनियम भरपूर असतं आणि ते पाऱ्याचा काही परिणाम कमी करतं असं मानायला आधार आहे, पण त्या भरवशावर डबे वाढवावेत इतका तो पक्का नाही.

चव आणि दामाकडे येऊ. पाण्यातला, मिठाच्या पाण्यातला आणि सूर्यफूल तेलातला, असे तीन प्रकार सगळीकडे असतात. पाण्यातला कोरडा लागतो. त्याला दही, बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर लावून कोशिंबिरीसारखा खावा. मिठाच्या पाण्यातला चाळणीत घेऊन एकदा धुवावा, नाहीतर भाजीत वरून मीठ पडलं की खारट होते. तेलातला कटलेटला सर्वांत चांगला, कारण बटाट्याबरोबर मळताना भुगा होत नाही. सुकं करायचं तर कांदा, आलं-लसूण, मालवणी मसाला, कोकम आणि ओलं खोबरं पूर्ण शिजल्यावर शेवटी टूना घालायचा आणि तीन-चार मिनिटांत उतरवायचा. तो कारखान्यात आधी वाफेवर आणि मग डब्यात सील झाल्यावर, असा दोनदा शिजलेला असतो. जास्त परतला की भुसा होतो. किंमत ताडताना १८५ ने भागू नका, डब्यावर छापलेल्या निथळलेल्या वजनाने भागा. ‘फ्लेक्स’ म्हणजे चुरा, ‘चंक्स’ म्हणजे तुकडे, ‘सॉलिड’ म्हणजे अखंड. प्रथिनं तिन्हीत तीच. कडेच्या शिवणीवर पोचा पडलेला किंवा फुगलेला डबा दुकानातच परत द्यावा. उघडलेला डबा तसाच फ्रिजमध्ये ठेवू नये. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काढून दोन दिवसांत संपवावा.

ओमेगा-३ साठी मात्र हा डबा घेऊ नये. पाण्यातला स्किपजॅक त्या बाबतीत गरीब आहे. तारली त्याच्या कितीतरी पुढे आहे, आणि एफडीएच्या यादीत सार्डीनचा, म्हणजे तारलीच्या जातकुळीचा, पारा ०.०१३ पीपीएम आहे, लाइट टूनाच्या दहाव्या भागाइतका. हृदयासाठी मासा खायचा असेल तर तारली-बांगड्याला तोड नाही, आणि दोन्ही टूनाच्या डब्यापेक्षा स्वस्त पडतात.

ताज्या कुप्याचं गणित थोडं वेगळं. ससून डॉकला, रत्नागिरीला किंवा मालवणला कुपा, गेदर या नावांनी जे येतं त्यात दीड-दोन किलोचा छोटा टूना खूप असतो. तो टोपलीत अख्खा दिसतो. हा लहान मासा आठवड्यातून एकदा-दोनदा खायला हरकत नाही. काळजी घ्यायची ती मोठ्या धुडातून कापलेल्या लालभडक तुकड्यांची. अखंड मासा तीस-चाळीस किलोचा असेल तर तो यलोफिन समजावा आणि आठवड्याला एकच वाटा घ्यावा, शंभर-सव्वाशे ग्रॅमचा. सुशीच्या हॉटेलात ‘टूना’ मागताना यलोफिन की बिगआय हे विचारावं. पंधरा-पंधरा ग्रॅमचे सहा तुकडे म्हणजे ९० ग्रॅम. यलोफिनमध्ये ३२ मायक्रोग्रॅम, बिगआयमध्ये ६२.

ताज्या कुप्यात पाऱ्यापेक्षा लगेचचा धोका हिस्टामिनचा आहे आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. मासा बर्फाविना राहिला की जिवाणू त्यातल्या हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत चेहरा लाल होतो, अंगावर पित्त उठतं, डोकं ठणकतं, पोट बिघडतं. पुष्कळांना ही माशाची ॲलर्जी वाटते. शिजवल्याने हिस्टामिन नष्ट होत नाही. घास तिखट, जिभेला चुरचुरता लागला तर थुंकून टाकावा. लाल रंगावर विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइड किंवा गाळलेला धूर दिलेला गोठवलेला टूना शिळा झाला तरी कलिंगडासारखा लाल राहतो. मासा बर्फात पुरलेला असावा, वर चार खडे टाकलेला नव्हे, आणि बाजारातून घरी आणताना बरोबर बर्फ असावा.

लक्षद्वीपच्या मिनिकॉयहून येणारा मासमीन हा सुका, धुरावलेला स्किपजॅक. तिथे तो गळाच्या काठीने एकेक पकडतात, मासा लहान असतो, जात चांगली. पण वाळल्यावर वजन कितीतरी घटतं आणि पारा तेवढाच राहतो. म्हणून पन्नास ग्रॅम मासमीन खाल्लं तर ते दीड-दोनशे ग्रॅम ताज्या माशाइतकं धरावं. चटणीत चिमूटभर वापरणाऱ्यांना हा हिशोब करायची गरज नाही.

गरोदर बायका आणि लहान मुलं यांच्यासाठी मर्यादा खरोखर पाळायच्या आहेत, कारण मेथिलमर्क्युरी वार ओलांडून गर्भाच्या मेंदूपर्यंत पोचतो. अमेरिकन सल्ला असा: गरोदरपणी आठवड्याला कमी पाऱ्याचा मासा २२५ ते ३४० ग्रॅम खावा, त्यात लाइट टूना चालतो, अल्बाकोर किंवा यलोफिन खाल्ला तर आठवड्यात एकच वाटा आणि त्या आठवड्यात दुसरा मासा नको, बिगआय अजिबात नको. ब्रिटनमध्ये गरोदर स्त्रियांना आठवड्याला चार डब्यांपर्यंत मुभा आहे. आमचा कल अमेरिकन सल्ल्याकडे आहे. मासा पूर्ण बंद करणं मात्र चुकीचं, कारण बाळाच्या मेंदूला लागणारी चरबी त्यातून मिळते. वीस किलोच्या मुलाला ५६ ग्रॅमचे दोन वाटे, स्किपजॅकचेच: त्यात १४ मायक्रोग्रॅम होतात आणि त्याची ईपीएची आठवड्याची मर्यादाही बरोबर १४ आहे. म्हणजे एका डब्यात त्याचा आठवडा भागतो. रोजच्या शाळेच्या डब्यात टूना सँडविच नको.

इथे मुशीचा, म्हणजे लहान शार्कचा, विषय टाळता येत नाही. दूध यावं म्हणून बाळंतिणीला मुशी देण्याची पद्धत कोकणात आहे. एफडीएच्या यादीत शार्कची सरासरी ०.९७९ पीपीएम आहे, बिगआय टूनाहूनही जास्त. लहान मुशीत ती कमी असू शकेल, तरी गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला मांदेली, बोंबील, तारली द्यावी. सुरमईबद्दल मात्र इंटरनेटवर उगाच घबराट आहे: अमेरिकेच्या ‘टाळा’ यादीतला किंग मॅकरेल ही अटलांटिकमधली वेगळी जात. आपल्या सुरमईला तो आकडा जसाच्या तसा लावू नये. लहान सुरमई घ्यावी, आठ-दहा किलोच्या सुरमईचे तुकडे क्वचित.

रोज एक डबा खाणाऱ्यांनी पुढे काय करावं? प्रथिनांसाठी एक डबा म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, तेवढी पाच अंड्यांत किंवा शंभर ग्रॅम शिजवलेल्या चिकनमध्ये मिळतात. आठवड्यातले दोन दिवस टूना ठेवा, बाकीचे यांवर काढा. वर्षभर रोज खात असाल, किंवा गरोदरपणाचा विचार असेल, तर रक्तातल्या एकूण पाऱ्याची तपासणी करून घ्यावी. मोठ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती होते. संदर्भासाठी अमेरिकन आकडा लिटरमागे ५.८ मायक्रोग्रॅम. त्याहून थोडं वर आलं तर औषधाची गरज नसते. डिटॉक्सच्या पुड्या घेऊ नयेत आणि पारा बाहेर काढणारी औषधं डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय अजिबात नकोत. टूना थांबवला की रक्तातला पारा साधारण पन्नास दिवसांनी निम्मा होतो, शंभर दिवसांनी पाव, दीडशे दिवसांनी अष्टमांश. म्हणून मूल होऊ द्यायचं ठरलं असेल तर डबे आधी चार-पाच महिने कमी करावेत, आणि फेरतपासणी तीन महिन्यांच्या आत करून पैसे घालवू नयेत. ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या येणं, तोल जाणं, नजरेचा पट्टा अरुंद होणं ही खूप मोठ्या मात्रेची लक्षणं आहेत. ती असतील तर रिपोर्टची वाट न बघता न्यूरॉलॉजिस्टकडे जावं आणि माशाचं प्रमाण त्यांना स्वतःहून सांगावं, कारण ते बहुधा विचारलं जात नाही.